दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ : हिशेब कसा करायचा

‘अमुक विमानतळापासून तमुक विमानतळापर्यंत विमानाने किती वेळ लागतो?’ या प्रश्नाला इंटरनेटवर चटकन उत्तर मिळतं. पण चार ठिकाणी बघितलं तर चार वेगळी उत्तरं मिळतात. एक सांगतं ३५ मिनिटं, दुसरं ५४, विमान कंपनीचं वेळापत्रक सांगतं एक तास, आणि प्रत्यक्षात घरातून निघून पोहोचेपर्यंत चार तास गेलेले असतात. यातलं कुठलंही उत्तर खोटं नाही. प्रत्येकजण वेगळीच गोष्ट मोजत असतो.

मोठ्या शहरांमधल्या लांबच्या उड्डाणांना हा फरक फारसा जाणवत नाही. दहा तासांच्या प्रवासात वीस मिनिटं इकडे की तिकडे याने कुणाचं अडत नाही. छोट्या, प्रादेशिक विमानतळांमधल्या दोन-चारशे किलोमीटरच्या उड्डाणात मात्र तीच वीस मिनिटं एकूण वेळेच्या एक-तृतीयांश असतात. अशा उड्डाणात अंतरापेक्षा सुरुवातीची आणि शेवटची मिनिटंच जास्त वेळ खातात. हे डोक्यात पक्कं असलं की पुढचा सगळा हिशेब सोपा जातो.

खाली तो हिशेब टप्प्याटप्प्याने मांडला आहे. उदाहरणासाठी नॉर्वेतले दोन विमानतळ घेतले आहेत, बोडो आणि ट्रोम्सो. दोन्ही उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे, किनाऱ्यालगत. तुम्ही तुमच्या जोडीचे आकडे त्या जागी घाला. हा प्रवाशाने स्वतःसाठी करायचा अंदाज आहे. वैमानिकाचं उड्डाण-नियोजन ही वेगळी गोष्ट, त्यासाठी हा हिशेब वापरू नये.

आधी विमानतळ नक्की कोणता ते ठरवा

हे सांगायला नको असं वाटतं, पण चुकांची सुरुवात इथेच होते. एकाच नावाची गावं जगात अनेक आहेत. सॅन होजे कोस्टा रिकात आहे आणि कॅलिफोर्नियातही. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे, तसंच अमेरिकेच्या अलाबामातही. सिडनीचं तिकीट काढून ऑस्ट्रेलियाऐवजी कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियामधल्या सिडनीला उतरलेले प्रवासी बातम्यांमध्ये येऊन गेले आहेत. शिवाय एका शहराला दोन-तीन विमानतळ असतात आणि त्यातला एखादा शहरापासून बराच लांब असतो.

म्हणून नावावर विसंबू नका, कोड बघा. तिकिटावर तीन अक्षरी कोड असतो, तो ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रण चार अक्षरी कोड वापरतात, तो ‘इकाओ’ या संयुक्त राष्ट्रांच्या हवाई वाहतूक संस्थेचा. बोडोचा तीन अक्षरी कोड बीओओ आणि चार अक्षरी ईएनबीओ. ट्रोम्सोचा टीओएस आणि ईएनटीसी. अगदी लहान धावपट्ट्यांना कधी तीन अक्षरी कोड नसतोच, तेव्हा चार अक्षरी कोडने शोधावं.

सरळ अंतर काढा

कोडवरून विमानतळाचे अक्षांश-रेखांश मिळतात. ते विमानतळाच्या एका ठरावीक संदर्भबिंदूचे असतात, टर्मिनलच्या दाराचे नव्हेत. शंभर-दीडशे किलोमीटरच्या वरच्या अंतराला त्याने काही फरक पडत नाही.

आता एक खाचखळगा. विमानतळांचे अक्षांश-रेखांश बरेचदा अंश आणि मिनिटांत लिहिलेले असतात. बोडोचा अक्षांश ६७ अंश १६ मिनिटं उत्तर. हे ६७.१६ नव्हे. एका अंशात ६० मिनिटं, म्हणून १६ भागिले ६० म्हणजे ०.२७, आणि खरा आकडा ६७.२७. मिनिटं तशीच दशांशात ठोकली तर जागा बारा किलोमीटरने सरकते.

आपल्या जोडीचे आकडे दशांशात असे:

बोडो : ६७.२७ उत्तर, १४.३७ पूर्व
ट्रोम्सो : ६९.६८ उत्तर, १८.९२ पूर्व

विमानाच्या जगात अंतर नॉटिकल मैलात मोजतात. एक नॉटिकल मैल म्हणजे बरोबर १,८५२ मीटर. हे एकक वापरण्यात मोठी सोय आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळपास एक नॉटिकल मैल, म्हणून एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल. कागद-पेन्सिलीने हिशेब होतो.

अक्षांशांतला फरक २.४१ अंश. गुणिले ६० म्हणजे १४४.६ नॉटिकल मैल. एवढं आपण उत्तरेला सरकतो.

रेखांशांतला फरक ४.५५ अंश. गुणिले ६० म्हणजे २७३. पण इथे थांबायचं नाही. रेखावृत्तं विषुववृत्तापाशी एकमेकांपासून लांब असतात आणि ध्रुवांकडे जवळ येत जातात. त्यामुळे या आकड्याला दोन्ही अक्षांशांच्या सरासरीच्या कोसाइनने गुणावं लागतं. सरासरी ६८.४७५ अंश, तिचा कोसाइन ०.३६७. गुणाकार १००.२ नॉटिकल मैल. एवढं आपण पूर्वेला सरकतो.

बाकी शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय. दोन्ही आकड्यांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ: १७६ नॉटिकल मैल. गुणिले १.८५२ म्हणजे ३२६ किलोमीटर.

कोसाइनची पायरी विसरलात तर हेच अंतर ५७० किलोमीटरच्या पुढे जातं. विषुववृत्ताजवळ ही चूक लपून जाते, उत्तरेत किंवा दक्षिणेत गेलं की उघडी पडते.

ही रीत पाचशे-सहाशे किलोमीटरपर्यंत बिनधास्त वापरा. त्यापुढे पृथ्वीची गोलाई जास्त जाणवू लागते, तेव्हा गोलावरचं सूत्र घ्यावं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशफरकाचा कोसाइन यांचा गुणाकार मिळवा. आलेल्या बेरजेचा व्यस्त कोसाइन काढा आणि त्याला पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येने, म्हणजे ६,३७१ किलोमीटरने गुणा. स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर अंशांचं रेडियनमध्ये रूपांतर आधी करा, नाहीतर उत्तर भलतंच येईल. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, म्हणून या सूत्रातही अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते. प्रवाशाला तेवढी चालते.

ज्यांना आकडेमोड नको त्यांनी ‘ग्रेट सर्कल मॅपर’सारखी साइट उघडावी किंवा गूगल अर्थमध्ये मोजपट्टी वापरावी. तरी एकदा हाताने करून बघाच. साइटवरचा आकडा भलताच निघाला तर तो खटकण्याइतका अंदाज स्वतःला हवा.

विमान त्या रेषेवरून जात नाही

आता काढलेलं अंतर हे पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं सर्वांत कमी अंतर. विमान त्याहून नेहमीच थोडं जास्त उडतं.

कारणं साधी आहेत. विमान वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उडतं आणि उतरतं. त्या दिवशी वारा तुम्हाला जायचंय त्या गावाकडून वाहत नसेल तर विमान उलट्या दिशेला उडून मग वळतं. उतरतानाही धावपट्टीच्या रेषेत यायला वळसा घ्यावा लागतो. मधल्या भागात ठरलेले हवाई मार्ग असतात, लष्करी क्षेत्रं टाळायची असतात, वाटेत ढगांचा गडगडाट असला तर बाजूने जायचं असतं. ट्रोम्सोसारखं गाव डोंगर आणि खाड्यांनी वेढलेलं असलं तर उतरण्याची वाटही त्याप्रमाणेच ठरते.

बरेच जण सरसकट पाच-दहा टक्के अंतर वाढवतात. लांबच्या उड्डाणाला ते ठीक आहे. छोट्या उड्डाणाला मी टक्केवारी वापरत नाही, कारण दोन टोकांचे वळसे अंतरानुसार वाढत-घटत नाहीत. शंभर मैलांचं (इथून पुढे मैल म्हणजे नॉटिकल मैल) उड्डाण असो की हजार मैलांचं, धावपट्टीच्या रेषेत यायला लागणारा वळसा तेवढाच. म्हणून शांत विमानतळांच्या जोडीसाठी सरळ १५ नॉटिकल मैल वाढवा, आणि एखादं टोक गजबजलेलं असेल तर ३० ते ४०. आपल्या जोडीसाठी १७६ अधिक १५, म्हणजे १९१.

कोणतं विमान, ते बघा

बुकिंग करताना विमानाचा प्रकार दिलेला असतो, बारीक अक्षरात. तो वाचा. प्रादेशिक मार्गांवर बहुधा पंखे बाहेर दिसणारी टर्बोप्रॉप विमानं असतात. एटीआर ७२ साधारण २७० नॉट (तासाला तेवढे नॉटिकल मैल) वेगाने, म्हणजे ताशी ५०० किलोमीटरने जातं. डॅश ८ मालिकेतलं क्यू४०० बरंच वेगवान, ३६० नॉटपर्यंत. एम्ब्रेअर १९०, एअरबस ३२०, बोइंग ७३७ ही जेट विमानं उंचावर ४५० नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी ८३० किलोमीटर. त्याउलट अगदी छोट्या पट्ट्यांवर उतरणारं ट्विन ऑटर १७० नॉटच्या पुढे फारसं जात नाही.

पण हे वेग ठरलेल्या उंचीवर पोहोचल्यानंतरचे आहेत, आणि छोट्या उड्डाणात विमान त्या उंचीवर फार थोडा वेळ असतं. चढताना वेग कमी, उतरताना कमी. १०,००० फुटांखाली तर बहुतेक ठिकाणी २५० नॉटची मर्यादाच असते. त्यामुळे अंतर भागिले कमाल वेग हा हिशेब इथे साफ फसतो.

वेळ तीन तुकड्यांत मोजा

हा या लेखाचा गाभा, म्हणून सावकाश करू. उड्डाणाचे तीन तुकडे पाडायचे: चढण, सपाट उड्डाण, उतरण.

आधी एटीआर ७२. एवढ्या अंतराला ते समजा १७,००० फुटांवर जाईल. मिनिटाला सरासरी साडेअकराशे फूट चढलं तर १५ मिनिटं. या काळात सरासरी वेग २०० नॉट धरला तर ५० मैल कापून होतात.

उतरणीसाठी वैमानिकांचा एक जुना ठोकताळा आहे: दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. १७,००० फुटांना ५१ मैल. सरासरी २४० नॉटने १३ मिनिटं.

चढण आणि उतरण मिळून १०१ मैल गेले. १९१ पैकी उरले ९०. २७० नॉटने २० मिनिटं.

बेरीज ४८ मिनिटं. चाकं जमिनीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा हा वेळ.

आता तोच मार्ग जेटने. एवढ्या कमी अंतराला ३५,००० फुटांवर जाण्यात अर्थ नाही. उतरणीलाच १०५ मैल लागतील, आणि चढणीलाही जवळपास तेवढेच. म्हणजे पूर्ण उंची गाठायच्या आतच उतरायला लागायचं. समजा २४,००० फुटांवर गेलं. मिनिटाला २,००० फुटांनी १२ मिनिटं, सरासरी ३३० नॉटने ६६ मैल. उतरण ७२ मैल, सरासरी ३०० नॉटने साडेचौदा मिनिटं. उरले ५३ मैल, ४३० नॉटने साडेसात मिनिटं. बेरीज ३४ मिनिटं.

म्हणजे सपाट उड्डाणातला वेग दीडपटीहून जास्त असूनही वाचली फक्त १४ मिनिटं. जेट हवं म्हणून गैरसोयीची वेळ किंवा जास्त भाडं पत्करणाऱ्यांनी हा आकडा जरूर बघावा. माझ्या मते तीनशे किलोमीटरच्या आसपास टर्बोप्रॉपला नाकं मुरडण्याचं काहीच कारण नाही.

वेळापत्रकातला वेळ वेगळा का असतो

तिकिटावर छापलेला वेळ आकाशातला नसतो. विमान आपल्या थांब्यावरून हललं तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर थांब्याला लागेपर्यंतचा तो वेळ. याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात टॅक्सी, म्हणजे जमिनीवरचं धावपट्टीपर्यंतचं जाणं-येणं, धरलेलं असतं. छोट्या विमानतळावर टर्मिनल ते धावपट्टी अंतर कमी आणि रांग नसते, म्हणून दोन्ही टोकांची मिळून आठ-दहा मिनिटं पुरतात. मोठ्या, गजबजलेल्या विमानतळावर एकाच टोकाला पंधरा-वीस मिनिटं जाऊ शकतात.

आपल्या उदाहरणात ९ मिनिटं धरली तर एटीआरचा ब्लॉक टाइम ५७ मिनिटं, जेटचा ४३. त्यावर कंपन्या आणखी थोडी मोकळीक ठेवतात, म्हणजे किरकोळ उशीर झाला तरी विमान वेळेवर पोहोचल्याचं दिसतं. म्हणूनच कधीकधी उशिरा सुटलेलं विमान वेळेत पोहोचतं.

आता अंतर-वेळ सांगणाऱ्या साइट बघा. त्यातल्या बऱ्याच ताशी ८०० किलोमीटर वेग आणि वर अर्धा तास असा सरधोपट हिशेब करतात. ३२६ किलोमीटरला त्याने ५४ मिनिटं येतात, म्हणजे एटीआरच्या ब्लॉक टाइमच्या जवळच. हा योगायोग आहे. हीच साइट ८०० किलोमीटरला दीड तास सांगेल. आपल्या रीतीने एटीआरला १ तास ५४ मिनिटं लागतात. अंतर वाढलं की वेगातला फरक वर येतो आणि साइटचा अंदाज टर्बोप्रॉपसाठी कोसळतो.

वारा

जाताना आणि येताना वेळ वेगळा दाखवला असेल तर बहुतेक वेळा कारण वारा. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो, आणि ती हवाच सरकत असते. मागून ४० नॉटचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग ४० ने वाढतो, समोरून असेल तर तेवढाच घटतो. तिरका वारा असेल तर वारा आणि मार्ग यांच्यातल्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं.

बोडोहून ट्रोम्सो ईशान्येला, साधारण ३५ अंशांवर. नैर्ऋत्येकडून ४० नॉटचा वारा असला तर जवळजवळ सगळा पाठीशी. सपाट तुकड्यातले ९० मैल जाताना २० ऐवजी साडेसतरा मिनिटांत होतात, परतताना साडेतेवीस मिनिटं लागतात. चढण-उतरणीतही काही परिणाम होतो, कारण खालच्या थरात वारा मंद असला तरी असतोच. सगळं मिळून फरक दोन्ही बाजूंना चार-पाच मिनिटांचा. छोट्या अंतराला एवढंच. हजारो किलोमीटरच्या उड्डाणात, ३० ते ४० हजार फुटांवरच्या जेट प्रवाहात, हाच फरक तासाच्या घरात जातो.

एक गोष्ट मात्र सहज लक्षात येत नाही. जाताना मिळालेला फायदा येताना तेवढ्याच तोट्याने फिटतो, असं वाटतं. तसं होत नाही. ३०० मैल जायचे आणि ३०० यायचे, वेग २७५ नॉट: वारा नसताना एकूण १३१ मिनिटं. ५० नॉटचा वारा असताना एका बाजूला ५५, दुसऱ्या बाजूला ८०, एकूण १३५. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून जाऊन-येऊन नुकसानच होतं.

घड्याळ आणि तारीख

वेळापत्रकात सुटण्याची वेळ तिथल्या घड्याळाची आणि पोहोचण्याची वेळ तिथल्या घड्याळाची असते. दोन्ही एकाच वेळक्षेत्रात असतील तर प्रश्न नाही. नसतील तर दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये बदला आणि मग वजा करा. फिनलंडमधलं तुर्कू आणि स्वीडनमधलं स्टॉकहोमचं आर्लांडा यांच्यात सरळ अंतर २६० किलोमीटर, आणि फिनलंडचं घड्याळ एक तास पुढे. तुर्कूहून सुटून आर्लांडाला पोहोचायच्या वेळा वेळापत्रकात जवळपास सारख्याच दिसतात.

याहून विलक्षण जोडी पॅसिफिक महासागरात आहे. सामोआने ३० डिसेंबर २०११ हा दिवस कॅलेंडरमधून गाळला आणि आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडच्या बाजूला गेला. शेजारचा अमेरिकन सामोआ आहे तिथेच राहिला. आज दोघांच्या घड्याळात बरोबर २४ तासांचा फरक आहे, आणि अपियाहून पागो पागोला हवाई अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटर. रविवारी निघालेला माणूस शनिवारी उतरतो. अशा मार्गावर हॉटेलचं बुकिंग करताना तारीख दोनदा तपासावी.

प्रत्यक्ष नोंदींशी ताडून बघा

एवढं केल्यावर शेवटची खातरजमा. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर त्या उड्डाणाचा क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांच्या खऱ्या वेळा दिसतात: कधी उडालं, कधी टेकलं, कोणतं विमान होतं, वाट कशी होती. आठवड्याभराच्या वेळा चढत्या क्रमाने लावा आणि मधली घ्या. सरासरी घेऊ नका, कारण एखाद्या दिवशी विमान घिरट्या घालत राहिलं तर तो एकच दिवस सरासरी बिघडवतो. तुमचा हिशेब आणि ही मधली वेळ यांत दहा मिनिटांहून जास्त फरक असेल तर बहुधा विमानाचा प्रकार चुकला आहे किंवा उड्डाण मध्ये कुठे तरी थांबतं. प्रादेशिक मार्गांवर एकच विमान दोन-तीन गावांना टेकत जातं, हे नेहमीचं आहे.

थेट उड्डाण नसेल तर

छोट्या विमानतळांच्या बहुतेक जोड्यांमध्ये थेट विमान नसतंच. मधल्या मोठ्या विमानतळावर बदलावं लागतं, आणि तिथे सरळ अंतराला काही किंमत उरत नाही. दोन्ही तुकड्यांचे ब्लॉक टाइम, त्यात मधला थांबा. तो थांबा त्या विमानतळाच्या ठरलेल्या किमान वेळेपेक्षा कमी असून चालत नाही. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर सामान पुन्हा सोपवावं लागतं आणि पहिल्या विमानाच्या उशिराने दुसरं चुकलं तर त्याची जबाबदारी कुणी घेत नाही, म्हणून तिथे वेळ सढळ हाताने धरा.

मग रस्त्याशी तुलना करा. घर ते विमानतळ, आधी पोहोचून थांबणं, उतरल्यावर बाहेर पडून मुक्कामाला जाणं, हे सगळं तीन तास धरलं आणि उड्डाणाचा एक तास, तर चार तास. रस्त्यावर सरासरी ताशी ६० किलोमीटर पडत असतील तर चार तासांत २४० किलोमीटर होतात, ८० पडत असतील तर ३२०. रस्त्याचं अंतर याच्या आत असेल तर गाडीच बरी. बोडोहून ट्रोम्सोला हवेतून ३२६ किलोमीटर, पण खाड्यांना वळसे घालत रस्त्याने पाचशेच्या वर, आणि ट्रोम्सोला रेल्वे पोहोचतच नाही. तिथे विमानच बरं. याच्या दुसऱ्या टोकाला स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांतलं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण: अंतर २.७ किलोमीटर, वेळ जेमतेम दोन मिनिटं. अंतर पायी जाण्याएवढं, पण मध्ये समुद्र.

तिकीट काढताना त्या दिवशी त्या मार्गावर एकूण किती उड्डाणं आहेत तेही बघून घ्या. छोट्या विमानतळांचे कामाचे तास ठरलेले असतात, काही ठिकाणी रात्री दिव्यांची सोयही नसते. दिवसातलं एकमेव किंवा शेवटचं विमान उशिरामुळे रद्द झालं तर एक तासाचा प्रवास दुसऱ्या दिवसावर जातो. महत्त्वाचं काम असेल तर सकाळचं उड्डाण घ्या.